साडेसहामामा

धारच्या आमच्या मामाकडून कुणाला कधी साडेसहाच्या वर गुण मिळाले नाहीत. तोंडात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो दहापैकी गुण द्यायचा. मामीच्या आमटीला सहा, बदनावरच्या एका लग्नातल्या, तुपात बुडवलेल्या कणकेच्या बाफल्यांना पाच, आमच्या देवासच्या घरी आईनं केलेल्या भुट्ट्याच्या किसाला साडेसहा. मी पहिल्यांदा कॉफी केली तेव्हा एक घोट घेऊन त्यानं कप खाली ठेवला. "चार," म्हणाला. "त्यातले तीन दुधाचे." आम्ही भाचरं त्याला साडेसहामामा म्हणायचो. आई चिडायची, तो नाही. वरचे साडेतीन कुणासाठी राखून ठेवलेस, असं विचारलं की शांतपणे म्हणायचा, "आहे ना कुणीतरी. यायचंय अजून."

त्याची नोकरीच गुण देण्याची होती. पीथमपूरच्या पुढे एक बिअरचा कारखाना होता, तिथं तो चव घेण्याच्या कामावर होता. रोज सकाळी त्याच्यापुढे छोटे ग्लास मांडले जायचे. रंग बघायचा, वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि गुण लिहायचे. त्याच्या गुणांवर माल बाहेर जायचा किंवा अडायचा. वाईन थुंकून टाकता येते, पण बिअर गिळावीच लागते, असं तो सांगायचा. कडूपणा घशापाशी कळतो. पण त्या ग्लासांपलीकडे आयुष्यात त्यानं कधी थेंब घेतला नाही. लग्नात, होळीला, मित्रांनी गळ घातली तरी म्हणायचा, "नहीं भिया, मेरी ड्यूटी खतम."

हे खरं असलं तरी पटायचं कुणाला? आजोबा संस्थानच्या नोकरीतले, घर सोवळ्याचं. त्या घरातला मुलगा दारूच्या कारखान्यात जातो, हे नातेवाईक चारचौघांत बोलायचे नाहीत आणि एकमेकांत दुसरं काही बोलायचे नाहीत. लग्न ठरवताना मामीच्या वडलांना 'रसायनाचा कारखाना' असं सांगितलं होतं. मामीला खरं कळलं ते लग्नानंतर, त्याचा शर्ट धुवायला घेतला तेव्हा. ती भांडली नाही. फक्त कारखान्याचे शर्ट वेगळ्या बादलीत धुवायला लागली, आणि ती बादली तिनं कधी न्हाणीघरात आणली नाही.

मामाच्या जिभेपायी सगळं घर वेठीला धरलेलं असायचं. सकाळी कंपनीची बस येईपर्यंत घरात फोडणी नाही, कांदा नाही, केसांना वासाचं तेल नाही. त्याला स्वतःला चहाही नाही. तंबाखू-सुपारीला तर त्यानं जन्मात हात लावला नव्हता. आजीची उदबत्तीसुद्धा बस गेल्यावरच लागायची. आजी देवघरात पाठ करून बसलेली असायची आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "देवालाही आता तुझ्या बसची वाट पाहावी लागते, बाळ." मामा बूट घालता घालता हसायचा. कोपऱ्यावर हॉर्न वाजला की मागे काडी ओढल्याचा आवाज यायचा.

त्याची मुलगी वृंदा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी देवासहून धारला गेले की मामा आम्हा दोघींना डोळे मिटून बसवायचा. समोर पाण्याच्या वाट्या. एकीत चिमूटभर मीठ, एकीत लिंबाचा थेंब, एकीत कडुनिंबाचं पान बुडवून काढलेलं. मी दोन वाट्यांत कंटाळायचे. वृंदा शेवटपर्यंत बसायची आणि सांगायची, "बाबा, ह्यात काहीच नाहीये, पण वाटी पितळेची आहे." त्या दिवशी जेवताना मामा तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघत राहायचा.

त्याची एकच इच्छा आम्हाला ठाऊक होती. इंग्रजांच्या काळात बोटीवरून इकडे येईपर्यंत टिकावी म्हणून हॉप्सची कडू फुलं भरपूर घालून एक बिअर करायचे, तिचं नाव इंडिया पेल एल. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी माणसानं सकाळच्या ग्लासांत मामापुढे तिचाही एक ग्लास ठेवला होता. त्या घोटाबद्दल तो एखाद्या गाण्याच्या बैठकीबद्दल बोलावं तसा बोलायचा. "नाव आपल्या देशाचं, आणि आपण करतो काय? साखरेचं पाणी." त्यानं साहेबांना दोनदा सुचवून पाहिलं. इथल्या लोकांना कडू चालत नाही, असं उत्तर मिळालं. वृंदा तेव्हा शाळेत होती. तिनं हे सगळं ऐकलं होतं.

वृंदा इंदूरला मायक्रोबायोलॉजी शिकली आणि पुण्यात एका लहानशा नव्या ब्रुअरीत लागली, ते वर्ष घरात फार वाईट गेलं. मामीनं तिच्याशी बोलणंच टाकलं. "नवऱ्याचं निभावलं. आता मुलीचंही धुवायचं का मी?" असं ती माझ्या आईला म्हणाली. आणि त्याच वर्षी मामानं कारखान्यात एकामागून एक माल अडवायला सुरुवात केली. हॉप्स कमी पडताहेत, कडूपणा जिभेच्या डावीकडे लागतच नाही, असं त्याचं म्हणणं. बाकीच्या चाखणाऱ्यांना सगळं ठीक लागत होतं. तिसऱ्यांदा माल अडवला तेव्हा साहेबांनी नवा नमुना मागवून सगळ्यांना एकत्र बसवलं. मामानं घोट घेतला, ग्लास उजेडात धरला, आणि उठून बाहेर गेला. संध्याकाळी घरी आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा असलेला मामीला दिसला. डाव्या कडेला, मागे, एक पांढरा चट्टा होता.

इंदूरला ऑपरेशन झालं. जिभेचा मोठा भाग गेला, मग किरणांचे शेक दिले. दवाखान्यात भेटायला येणारे बाहेरच्या बाकावर बसून म्हणायचे, शेवटी त्या धंद्यानंच घात केला. आजीही एकदा म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते." मामा खाटेवर जागा होता. त्यानं डोळे मिटून घेतले. घरी परत आणल्यावर आजीची उदबत्ती दिवसभर केव्हाही लागू शकत होती, पण ती बसची वेळ होईपर्यंत काडी ओढायची नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

आजारपणापासून मामी वृंदाशी फोनवर पुन्हा बोलायची, पण 'बरं आहे' एवढंच. त्यामुळे मार्चमध्ये ती आली तेव्हा मामाची चव किती गेलीय, हे तिला पुरतं माहीत नव्हतं. मीही त्या दिवशी देवासहून गेले होते. पिशवीतून तिनं चादरीत गुंडाळलेल्या दोन सोड्याच्या बाटल्या काढल्या. "बाबा, मी केलीय. इंडिया पेल एल. मालकांनी एक टाकी माझ्या हवाली केली." ती लहानपणीसारखी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "गुण द्या."

मामाचं बोलणं आता फक्त मामीला कळायचं. तो आवाज काढायचा आणि मामी ते शब्द करून सांगायची. त्यानं ग्लास खिडकीशी धरला. तांबूस रंग, वर दाट फेस. नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथंच ठेवला. चेहऱ्यावर जरासं काहीतरी हललं. मग घोट घेतला. आग झाली असणार, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं तो तोंडात धरून ठेवला आणि गिळला. पुन्हा घेतला. आम्ही तिघी बघत होतो. त्यानं मान हलवली.

मामी हळूच म्हणाली, "कळत नाही म्हणताहेत."

वृंदाचा चेहरा उतरला. "असू दे बाबा. अंदाजे द्या. तुम्ही दिले म्हणजे झालं."

मामानं इतक्या जोरानं नकार दिला की मामीनं सांगायची गरज पडली नाही. मग त्यानं ग्लास उचलला आणि मामीपुढे धरला.

मामी मागे सरली. "मी?" तिनं पदर तोंडाशी नेला. "अहो, मी नाही. आयुष्यात नाही." मामानं हात मागे घेतला नाही. मामीनं वृंदाकडे पाहिलं, मग देवघराच्या बंद दाराकडे. ग्लास घेतला, डोळे घट्ट मिटले आणि औषध घ्यावं तसा घोट घेतला.

मामा पुढे झुकून आवाज काढू लागला. मामी त्याचा प्रश्न मोठ्यानं सांगायची आणि उत्तरही तीच द्यायची.

"कडू कुठे लागतंय विचारताहेत. मागे. घशाशी. कशासारखं? कारल्यासारखं नाही. मेथीदाणा चावल्यासारखं. मग संत्र्याची साल." ती थांबली. "गेलं का? नाही गेलं. आहे अजून." मामानं दुसरा घोट घ्यायची खूण केली. ह्या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत. "शेवटी काय राहतं? शेवटी... तोंड आवळल्यासारखं होतं हो. कच्चं केळं खाल्ल्यासारखं. तुरट."

मामानं मांडीवर थाप मारली. मग तो एक लांबलचक वाक्य बोलला. मामीला दोनदा विचारून घ्यावं लागलं. "धान्य धुताना पाणी फार गरम झालं होतं, म्हणताहेत. सालीचा तुरटपणा उतरला."

वृंदा म्हणाली, "हो. त्या दिवशी थर्मामीटर बिघडला होता."

मामानं सहा बोटं वर केली.

"साडेसहा तरी, बाबा," वृंदा म्हणाली. तिला हसायचं होतं, पण आवाज फुटला. मामानं बोटं तशीच ठेवली आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मामी ग्लास घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या रविवारी त्या घरात मी पहिल्यांदा नवरा-बायकोला एका कामात गुंतलेलं पाहिलं होतं, आणि आता त्यासाठी फार थोडे दिवस उरले होते, हे तिलाही कळलं असावं.

मामा जूनमध्ये गेला. गळ्यात पुन्हा गाठ आली होती आणि शेवटचे दिवस पाणीही उतरत नव्हतं. मामीलाही त्याचं बोलणं कळेनासं झालं. ती अंदाजानं काहीतरी म्हणायची, तो नाही म्हणून मान हलवायचा.

दिवाळीत वृंदा पुन्हा एक बाटली घेऊन आली. पाणी ह्या वेळी नीट सांभाळलं होतं. पुण्यात लोक ती मागून पीत होते, असं ती म्हणाली. तिनं ग्लास भरून आईपुढे ठेवला. मामी त्याच्याकडे बघत बसली. फेस खाली बसला.

"आई, घे ना. सांग कशी झालीय."

मामीनं ग्लास हळूच परत सरकवला. "चव घेईन गं," ती म्हणाली, "पण मला विचारणार कोण?"