तायडे सरांचं लंगडं यीस्ट

मेहकरच्या कॉलेजात आले की तायडे सर कुणाचा नमस्कार घ्यायच्या आधी कपाटातल्या काचेच्या बशा उजेडाकडे धरायचे. चहा निवायचा, कधी पहिला तासही बुडायचा. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. पहिला महिनाभर मला वाटलं, माणूस थोडा सरकलेला आहे.

बशांत दोन यीस्ट असत. एक बेकरीतलं, धट्टंकट्टं. दुसरं मुंबईच्या मित्रानं पाठवलेलं, जन्मजात दोषाचं. पेशीला इजा झाली की त्याला ती दुरुस्त करता येत नसे. सर त्याला लंगडं म्हणत. सोनाळ्याकडच्या रानातून पाला आणून त्याचा अर्क ते दोन्हींवर घालत.

"कॅन्सरच्या पेशीतबी असाच एखादा दोष असते. लंगडं मेलं अन् चांगलं जगलं, त औषध. दोन्ही मेले, त जहर. समजलं का बे?"

मी हाव म्हणायचो. समजायचं अर्धंच.

एकदा एका पाल्यानं खरंच नुसतं लंगडं मेलं. सर नाचायचेच बाकी होते. त्याच आठवड्यात माझ्या आईच्या घशातली गाठ कॅन्सरची निघाली आणि नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. मी सरांकडे त्या अर्काची बाटली मागितली.

"तुह्या आईले मी यीस्ट समजू का? दहा डाव करून पाह्यतो, मंग बोल."

दहा डाव होईपर्यंत आई कुठे थांबणार होती! मला संताप आला. मी बाटली चोरली आणि आईला रोज चमचाभर अर्क दिला. तिला हुशारी आली, चार घास गिळू लागली. आठव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि ती गेली. त्या पाल्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही.

तेरावं करून कॉलेजात गेलो. सरांनी बशा पुढे केल्या. त्याच पाल्याच्या नव्यानं केलेल्या प्रयोगात दोन्ही यीस्ट मेली होती. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता मारतात. त्यांनी वही उघडली.

"किती चमचे देल्ले? जेवाले कधी लागली?"

मी रडत सांगत गेलो, ते लिहीत गेले. मधेच त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"आजारानं गेली का तुह्या चमच्यानं, मले सांगता येत नाही. खोटं सांगू का?"

मी नको म्हणालो.

सरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. इतका सरळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पण आईची आठवण आली की अजून कळत नाही, त्या दिवशी मी नको का म्हणालो.