वाळूतली तालीम

अजीजभाईंचा टांगा मोडून वीस वर्षं झाली, तरी बीडमध्ये त्यांना टांगेवाले अजीज म्हणूनच ओळखतात. नंतर ते अर्जुनरावांची घोडी सांभाळत. अर्जुनराव म्हणजे एका सहकारी दूध संस्थेचे चेअरमन, हौस दांडगी. एका दुष्काळात त्यांना खूळ लागलं ते राजस्थानातल्या दौडीचं: ऐंशी किलोमीटर, सगळी वाळूतून. स्वार अजीजभाई. औरंगाबादपलीकडे न गेलेला माणूस, पण सुखावला होता.

घोडीचे पाय मुरमाला सरावलेले. वाळूची सोय दुष्काळानेच केली. बीडशेजारच्या पालीजवळ नदीचं पात्र कोरडं ठणठणीत होतं. अजीजभाई रोज पहाटे तिला तिथे दुडकी पळवत, मग जबड्याखाली बोटं ठेवून ठोके मोजत. "अवकाळी पाऊस येऊ न्हाई असं वाटायचं," त्यांनी मला सांगितलं, "आन् मग लई लाज वाटायची." वाटायलाच हवी होती, असं मी तोंडावर म्हणालो.

पालीच्या बायाही त्याच पात्रात पाण्यासाठी झिरे उकरत. एके दिवशी घोडीचा पाय त्यांतल्या वच्छलाबाईंच्या झिऱ्यात गेला. वाळू उकरून, पाझरेल तसं वाटीवाटीने त्या पाणी भरत होत्या. कडा ढासळली, पाण्याचा चिखल झाला.

"मावशी, दिसलंच न्हाई. माफ करा."

वच्छलाबाईंनी आधी घोडीचा पाय पाहिला. "तिला लागलं का? झिरा काय, परत उकरीन. दुपार व्हईल."

अजीजभाईंनी हाताने वाळू उपसून दिली आणि घडलं ते अर्जुनरावांना सांगितलं. त्यांच्याकडे उपाय तयारच.

"बायांना खालच्या अंगाला पाठवतो. पाण्याचा टँकर संस्थेचा हाय, ऐकतील. तू बिनघोर पळव."

खालचं अंग म्हणजे कोसभर लांब, आणि तिथे नुसता खडक. झिरा लागणार कुठे?

"नको, दादा. घोडी लंगडतीय."

जनावराबद्दल ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले. अर्जुनरावांना घोड्यातलं काही कळत नव्हतं. अजीज म्हणेल ते खरं. दौड रद्द झाली.

पण लंगड्या घोडीला दुष्काळात चारा कोण घालणार? आठवड्याभरात केजचं गिऱ्हाईक आलं. वरातीपुरती चालेल म्हणालं, आणि विचारलं, "लंगड कंच्या पायात हाय?"

अर्जुनराव शेजारीच उभे होते. खरं बोललं तर घोडी राहत होती, आणि बाया खडकावर जात होत्या. अजीजभाई खाली बसले आणि तिच्या पुढच्या उजव्या, धडधाकट पायावर हात ठेवला.