सीपेजच्या सहा ओळी

सोमवार, १२ फेब्रुवारी १९७३. टेलच्या चारीला सोडलेलं पाणी: चौदा क्युसेक, तक्त्यावर. चारीच्या मोजपट्टीवर: पाच. हजर: आमचे कार्यकारी अभियंता, मी आणि टेलचे बागाईतदार भागाजी.

"सायेब, कागदावर पानी लई हाय," भागाजी म्हणाले. "आमी आता कागदच पिळून मोसंबीला घालतो. फुडची पाळी बी अशीच गेली, तर बारा वर्सांची झाडं सरपनाला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "शेळके, तक्ता कॉम्प्युटरने केलाय. सीपेज धरलंय ना?"

"धरलंय. माझ्या हातची सहा कार्डं आहेत."

हे मी भागाजींच्या तोंडावर बोललो. त्याबद्दल माझा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

सीपेज म्हणजे कालव्यात वाटेत मुरणारं पाणी. आमचा कालवा बेचाळीस मैलांचा, मातीचा. तोंडाला सोडलेलं सगळं पाणी शेपटाला, म्हणजे टेलला, पोचत नाही. म्हणून तोंडाकडच्या, म्हणजे हेडच्या, चाऱ्या किती दिवस आधी बंद करायच्या, हे काढणारा प्रोग्रॅम मी फोर्ट्रान भाषेत लिहिला होता. एका ओळीला भोकं पाडलेलं एक कार्ड. कार्डांची पेटी ऑफिसच्या कपाटात असे आणि दर पाळीआधी, म्हणजे पाणी सोडायच्या दर फेरीआधी, मुंबईच्या एका कॉम्प्युटर सेंटरला जाई.

पुढच्या पाळीला अकरा दिवस होते. या वेळी पेटी घेऊन मी स्वतः एस.टी.ने गेलो.

सेंटरमध्ये रूथ गायकवाड प्रोग्रॅमर होत्या. आमच्या नगरच्याच, एका मास्तरांची मुलगी. मशीनचं भाडं मिनिटावर असल्यामुळे त्यांनी या वेळी पहिल्यांदाच कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू केलं. कंपायलर आपलं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवतो. ऑप्टिमायझेशन चालू असलं की ज्या गणिताचं उत्तर पुढे कुठेच वापरलेलं नाही, ते गणित तो गाळून टाकतो. अशा ओळींना डेड कोड म्हणतात.

"शेळकेसाहेब, तुमच्या सहा ओळी मशीनपर्यंत पोचतच नाहीत."

"छापलेल्या यादीत दिसतात की."

"ती यादी कार्डांची. ही मशीनच्या सूचनांची. यात दाखवा."

मी तीनदा पाहिलं. नव्हत्या.

"कंपायलर चुकला असेल."

"चुकला असता तर बरं झालं असतं." त्यांनी १३१ नंबरचं कार्ड उपसून माझ्यापुढे ठेवलं. मी लिहिलं होतं, टेलचं पाणी म्हणजे सोडलेलं वजा मुरलेलं. या कार्डावर होतं, टेलचं पाणी म्हणजे सोडलेलं. बाकीच्या कार्डांचे कोपरे माझ्या हातांनी मऊ झाले होते. याचे करकरीत होते.

याआधी मशीन दर वेळी सीपेज काढत होतं आणि ते उत्तर कोणीच घेत नव्हतं. तीन पाळ्यांच्या तक्त्यांखाली सही माझी.

परतल्यावर मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"कार्ड कोणी बदललं?"

"मी सांगितलं म्हणून बदललं. वजावट धरली तर हेडचे दोन दिवस कापावे लागतात. हेडला ऊस कुणाचा आहे, माहीत आहे ना?"

"मग सीपेजच्या ओळी कशाला ठेवल्या?"

"वरून तपासणी आली तर दिसायला नकोत?"

"आणि सही माझी."

"तुमच्या सहीवर कोणी शंका घेत नाही, शेळके. म्हणून तर."

मी माझ्या टेबलाशी परतलो. टिपण स्वतः टाइप केलं. दोन्ही याद्या आणि ते कार्ड जोडून टिपण अधीक्षक अभियंत्यांना पाठवलं. प्रत साहेबांना.

सहाव्या दिवशी आदेश आला: हेडच्या चाऱ्या दोन दिवस आधी बंद. कारण लिहिलं होतं, 'कार्यालयीन त्रुटी'. साहेब आपल्या खुर्चीवर राहिले. माझी बदली राजूरकडे झाली, जिथे कालवा नाही.

तेव्हापासून तक्ता हातात आला की गणित केलंय का, हे मी विचारत नाही. उत्तर कुठे वापरलंय, ते विचारतो.

त्या पाळीत टेलच्या चारीला मिळालेलं पाणी: अकरा क्युसेक, नऊ दिवस, मोजपट्टीवर. भागाजींची वाचलेली झाडं: दोनशे दहापैकी एकशे साठ. उरलेली पन्नास माझ्या सहीवर गेली.