आष्ट्यात मोडलेला हात

भूतखेत, करणी, अंगात येणं — यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला माणूस... तरी हे एकदा लिहून टाकतो.

सत्त्याण्णव साल. सांगलीत आमची चार जणांची छोटी कंपनी होती. फिट येणाऱ्या पेशंटसाठी आम्ही एक यंत्र बनवत होतो. मेंदूत बारीक तार आणि छातीच्या कातडीखाली काडेपेटीएवढी डबी. फिट येऊ लागली की डबी हलका करंट द्यायची. तोवर दोघांनाच बसवली होती — आष्ट्याचे रिटायर्ड हवालदार आनंदराव, आणि खंडाळ्याजवळच्या एका गावातल्या सुशीलाताई. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

एका दुपारी मी आनंदरावांच्या घरी यंत्र तपासत होतो. ते चहा पीत होते. अचानक कप उडाला आणि ते बाकावरून खाली कोसळले. मला वाटलं, फिट. पण मेंदूचे सिग्नल दाखवणाऱ्या माझ्या मशीनवरची रेघ अगदी शांत होती...

"आवं, नगा मारू! मरंन मी!"

आवाज बाईचा. हवालदाराच्या तोंडून.

त्यांचा ओठ माझ्या डोळ्यांदेखत फाटला. गळ्यावर बोटांचे वळ उठले. डावा हात त्यांनी डोक्यावर आडवा धरला आणि — कट्ट! हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. त्या हाताला कशाचाही धक्का लागला नव्हता. मी धरायला गेलो, तर उजव्या हाताचा ठोसा असा बसला की माझा पुढचा दात तुटला.

शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, "गड्या, चुलीफुडं पाडून लाकडानं मारत हुता रं. पन मोडला त्यो हात माजा न्हवता. हिरव्या बांगड्या हुत्या त्यात."

बांगड्या... आमची डबी बसवलेली बाई एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप करून सुशीलाताईंच्या गावी निघालो. आनंदराव ऐकेनात, प्लास्टरमधला हात घेऊन सोबत आले. सुशीलाताई पडवीत पडल्या होत्या. ओठ फाटलेला, गळ्यावर वळ, डावा हात मोडलेला.

"फिट आली, पडली," नवरा म्हणाला.

आम्ही त्यांना उचलायला लागलो, तसा तो कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावून आला. आनंदरावांनी एका हातानं दांडा हिसकावला आणि त्याच्या गुडघ्यावर असा हाणला की तो किंचाळत अंगणात लोळला.

जीपमध्ये सुशीलाताई बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "दादा, काल म्या मालकावर हात उगारला, तर म्होरं तुमीच दिसला. लय लागलं का?"

मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं.

पोलिसात तक्रार झाली. ताई माहेरी गेल्या. आम्ही त्या डबीचं सर्किट कितीदा तरी तपासलं. एका डबीतून दुसरीला संदेश पाठवेल असा एकही भाग त्यात नव्हता. शेवटी डबी बसवणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही यंत्रं बंद करायचं ठरवलं. मी आष्ट्याला गेलो, तर आनंदरावांनी छातीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे चालू. पोरीला परत कुनी मारलं, तर मला कळाय नगं व्हय?"

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. दोन्ही यंत्रं मात्र मी बंद केली नाहीत.