कॅमेरा स्टेजवरच ठेवा

माझं झेरॉक्सचं दुकान आणि तिचं व्हिडिओचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही प्लायवूडची. त्यामुळे ती कुणावर आणि कशासाठी चिडली आहे, हे मला विचारावं लागत नाही. बसल्या जागी कळतं.

खांद्यावर कायम वायरचं वेटोळं असतं म्हणून सगळे तिला वायरबाई म्हणतात. वय बावन्न. नवरा गेला तेव्हा तिच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या: दुकान, एक जुना कॅमेरा आणि सासू. तिन्ही तिने नीट सांभाळल्या आणि तिन्हींशी रोज भांडली. लग्नं, वाढदिवस, शाळेची संमेलनं, जे मिळेल ते काम ती घ्यायची. गेली दोन वर्षं रुग्णालयाची वार्षिक सभाही तिच्याकडे होती. हे रुग्णालय गावातल्या लोकांनी मिळून उभं केलेलं. त्याचे दीडदोनशे सभासद, त्यातले बरेच म्हातारे, काही परगावी गेलेले. त्यांना घरबसल्या सभा दिसावी म्हणून ती मोबाईलवर लाइव्ह दाखवायची. एक कॅमेरा, एक स्टँड, समोर स्टेज, काम संपलं.

तिची धाकटी बहीण त्याच रुग्णालयात नर्स आहे. बावीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात. मोठी जितकी भडक तितकीच धाकटी शांत.

दुसऱ्या वर्षीच्या सभेत अध्यक्षांनी ठराव मांडला की प्रसूतीचा वॉर्ड बंद करावा आणि तो मजला एका खासगी लॅबला भाड्याने द्यावा. सहाव्या रांगेतून नर्स उठली. तीही सभासद होती. माईक तिला कुणी दिला नाही, तरी ती सात मिनिटं बोलली. मागे उभ्या असलेल्या वायरबाईचा हात कॅमेऱ्याच्या दांडीवर गेला. कॅमेरा बहिणीकडे फिरवायचा एवढंच करायचं होतं. तेवढ्यात शेजारी उभे असलेले चिटणीस हळूच म्हणाले, "बाई, कॅमेरा स्टेजवरच ठेवा."

आणि तिने हात काढून घेतला.

पंधरा दिवसांनी नर्स सभेच्या इतिवृत्ताचा कागद घेऊन माझ्याकडे आली. झेरॉक्स काढताना माझी नजर सहज त्यावर पडली. लिहिलं होतं, "ठरावास कोणीही विरोध केला नाही. ठराव एकमताने मंजूर. खात्रीसाठी थेट प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग पाहावे."

भिंतीपलीकडून वायरबाई आली, कागद वाचला आणि आम्हा दोघांना आपल्या दुकानात नेलं. रेकॉर्डिंग लावलं. सात मिनिटं पडद्यावर अध्यक्ष दिसत होते. पाणी प्यायले, चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं. लांबून कुठूनतरी एक पुटपुट ऐकू येत होती, शेजारच्या घरात कुणीतरी बोलतंय अशी.

"ताई, हे तू काढलंस?" नर्सने विचारलं.

"हो."

"मग यात मी कुठे आहे?"

वायरबाईने पडदा बंद केला. बहीण निघून गेल्यावर मात्र तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो मी भिंतीला पाठ लावून ऐकला. आधी चिटणीसांचा उद्धार झाला, मग अध्यक्षांचा, मग कॅमेऱ्याचा. शेवटी ती स्वतःवर आली, आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबली. "मी काय कॅमेऱ्याची खुंटी आहे? कोणीही यावं आणि म्हणावं इकडे कर, तिकडे कर?"

दुसऱ्या दिवसापासून नर्सने सह्या गोळा करायला घेतल्या. पाचव्या हिश्शाइतक्या सभासदांनी मागणी केली तर विशेष सभा बोलवावी लागते, असा नियम होता. फॉर्मच्या प्रती मी काढून दिल्या. आणि वायरबाईने ठरवलं की या सभेला एक नाही, तीन कॅमेरे लावायचे.

ठरवणं सोपं होतं. तीन कॅमेऱ्यांचं लाइव्ह तिने जन्मात केलं नव्हतं. गावात फुटबॉलच्या मॅचेस लाइव्ह दाखवणारा एक माणूस होता, सगळे त्याला मॅचवाला म्हणत. ती त्याच्याकडे गेली. तो पानाच्या टपरीवर उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलला आणि तिने त्याचं बोलणं तळहातावर पेनने लिहून आणलं. चित्र हवं तितक्या ठिकाणांहून आण, पण आवाज एकाच मिक्सरमधून घे. प्रत्येक कॅमेऱ्यात त्याचं त्याचं रेकॉर्डिंग वेगळं चालू ठेव. इंटरनेट दोन कंपन्यांचं ने. आणि बटणं दाबायचा हात शांत ठेव.

"शेवटचं तुला जमणार नाही," असंही तो म्हणाला होता. ते तिने लिहून घेतलं नव्हतं, पण आल्या आल्या मला सांगितलं, दात ओठ खात.

तिने एक जुना व्हिडिओ मिक्सर मिळवला. तीन कॅमेरे त्याला जोडायचे, आणि कोणाचं चित्र लोकांना दाखवायचं ते बटणाने ठरवायचं. सासूबाईंनी तो खोक्यातून निघताना पाहिला.

"घरात एक मिक्सर असताना दुसरा कशाला?"

"आई, हा चटणीचा नाही."

"दिसतंय मला. याला भांडं कुठे आहे?"

सराव त्यांच्याच घरात सुरू झाला. एक कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारात, एक खिडकीत, तिसरा म्हणजे सासूबाईंचा मोबाईल, छोट्या स्टँडवर टेबलाशी. मधोमध सासूबाई मटार सोलत. पहिल्या दिवशी एका कॅमेऱ्यात त्या कावीळ झाल्यासारख्या पिवळ्या दिसल्या आणि दुसऱ्यात गारठल्यासारख्या निळ्या. दुसऱ्या दिवशी ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. तिसऱ्या दिवशी ऐन लाइव्हमध्ये सासूबाईंच्या भाचीचा फोन आला आणि चित्र गेलं. "हिला आत्ताच मरायचं होतं फोन करायला!" वायरबाई ओरडली. चौथ्या दिवशी मोबाईल इतका तापला की आपोआप बंद पडला. मी शेजारच्या खोलीत बसून माझ्या मोबाईलवर लाइव्ह बघायचो आणि ओरडून सांगायचो, "आवाज गेला!", "आवाज आला!", "दोनदा येतोय!"

तिचा संताप मात्र उपयोगी पडत होता. एकेका चुकीवर ती अशी तुटून पडायची की ती चूक परत यायची नाही. रंग जुळवायला तिन्ही कॅमेऱ्यांसमोर तोच पांढरा कागद धरायला शिकली. आवाज चित्रापेक्षा किती मागे आहे ते टाळी वाजवून मोजायला शिकली. मोबाईलवर फोन येणं बंद केलं आणि त्याच्या पाठीमागे छोटा पंखा लावला. तीन आठवड्यांत सासूबाईंच्या मटारांचं लाइव्ह अगदी बिनचूक झालं. ते पाहणारा एकटा मी.

विशेष सभा रविवारी सकाळी अकरा वाजता रुग्णालयाच्या सभागृहात होती. दारातच चिटणीस आडवे आले.

"यावेळी लाइव्ह नाही. आणि बाई, तुम्ही सभासद नाही."

"मी आहे," सासूबाई म्हणाल्या. "रुग्णालयाची पहिली वीट ठेवली तेव्हापासून. आणि ही माझी सून. माझे गुडघे दुखतात, ही नसेल तर मला उठवणार कोण? तुम्ही?"

मागे सभासदांची रांग खोळंबली होती. लाइव्ह हवंच अशी लेखी मागणीही सह्यांच्या कागदावर होती. चिटणीसांनी नाक मुरडलं आणि मागच्या भिंतीशी एक कॅमेरा लावायला परवानगी दिली. दुसरा तिने बाजूच्या खिडकीत ठेवला, तिथून स्टेज जवळ दिसत होतं. तिसरा सासूबाईंचा मोबाईल. त्या पहिल्या रांगेच्या टोकाला खुर्ची तिरकी करून बसल्या आणि मोबाईल लोकांकडे तोंड करून स्टँडवर लावला. मधल्या वाटेत वायरबाईने स्वतःचा माईक उभा केला, म्हणजे ज्याला बोलायचं आहे त्याला कुणाकडे मागावा लागणार नाही. मी तिच्या शेजारी, कानात इअरफोन घालून.

नर्स बोलायला उभी राहिली. आवाज स्वच्छ येत होता. तिने सांगितलं की हा वॉर्ड बंद झाला तर पुढचा सगळ्यात जवळचा वॉर्ड बेचाळीस मिनिटांवर आहे, रस्ता मोकळा असेल तर. गेल्या महिन्यात आलेली एक बाई दारातून आत आली आणि दहा मिनिटांत बाळंत झाली. तिच्यासाठी बेचाळीस मिनिटं कुठून आणणार होतो?

इतक्यात खिडकीतल्या कॅमेऱ्यात अध्यक्षांनी जांभई दिली. चांगली मोठी, तोंडावर हात न ठेवता. वायरबाईने दोन नंबरचं बटण दाबलं. मग अध्यक्षांनी मोबाईल काढला, काहीतरी पाहून हसले. तिचं बोट दोन नंबरवरून हललं नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. "बघा," ती पुटपुटत होती, "बघा याला. बघा सगळ्यांनी." माझ्या मोबाईलवर घरून बघणाऱ्यांच्या प्रतिक्रिया धो धो येत होत्या. हसणारे चेहरे, शिव्या, जांभईवरचे विनोद.

चहाची सुट्टी झाली. नर्स आमच्याकडे आली, माझा मोबाईल घेतला आणि मागे जाऊन आपलं भाषण पाहिलं. मग तिने तो शांतपणे परत दिला.

"ताई, मी काय बोलले?"

"चांगलं बोललीस."

"काय बोलले ते विचारतेय."

वायरबाई मिक्सरच्या बटणांकडे बघायला लागली.

"लोकांनाही ठाऊक नाही. त्यांनी जांभई पाहिली. मागच्या वेळी तू त्यांचं ऐकलंस. आज स्वतःच्या रागाचं ऐकलंस. माझं कधी ऐकणार आहेस?"

"तू तुझी इंजेक्शनं बघ! मला कॅमेरा शिकवू नकोस!" वायरबाई इतक्या जोरात ओरडली की चहाचे कप घेऊन उभे असलेले लोक वळून बघायला लागले. नर्स आपल्या जागी जाऊन बसली. वायरबाईने जमिनीवरची एक वायर सोडवली, जिला सोडवायची काही गरज नव्हती, आणि परत गुंडाळली. मी मध्ये बोललो असतो तर माझंही काही खरं नव्हतं.

सुट्टीनंतर मतदान. वायरबाईने सासूबाईंच्या मोबाईलचं चित्र घेतलं. त्यात सगळं सभागृह समोरून दिसत होतं, पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत. बटणावरून हात काढून तिने तो मांडीखाली दाबून धरला.

अध्यक्ष म्हणाले, "वॉर्ड बंद करण्याच्या ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा." हात वर झाले. त्यांनी एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं. "ठीक. विरोधात?" परत हात वर झाले. यावेळी त्यांनी धड पाहिलंही नाही. "थोडेच आहेत. ठराव बहुमताने मंजूर."

दोनतीन मिनिटं सभागृह गोंधळलेलंच होतं. तेवढ्यात माझ्या मोबाईलवर आकडे यायला लागले. घरी बसलेल्या लोकांनी चित्र थांबवून हात मोजले होते. एकाने लिहिलं, बाजूने त्रेपन्न, विरोधात एकाहत्तर. दुसऱ्याचेही तेच आकडे आले. मी भित्रा माणूस. दुकानात गिऱ्हाईक ओरडलं तर मीच माफी मागतो. पण शेजारी ती हात मांडीखाली दाबून बसली होती, आणि मी कसा उभा राहिलो ते मलाच कळलं नाही. ते आकडे मी मोठ्याने वाचले.

"मोबाईलवरच्या मोजणीला काही अर्थ नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग माणसं मोजा," सासूबाई जागेवरूनच म्हणाल्या. "आम्ही इथेच बसलोय."

मागे खट् आवाज झाला. चिटणीसांचा पाय आमच्या विजेच्या बोर्डाला लागून प्लग निघाला होता. चुकून, असं ते म्हणाले. पण मिक्सर आणि कॅमेऱ्यांना बॅटरीही जोडलेली होती. वायरबाईने त्यांच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. "चालू आहे," ती एवढंच म्हणाली.

शेवटी एका निवृत्त मास्तरांनी रांगेरांगेत फिरून मोठ्याने मोजणी केली. बाजूने बावन्न, विरोधात एकाहत्तर. मोबाईलवाल्यांनी एक हात जास्त मोजला होता. ठराव पडला.

बहिणी मात्र आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात वायरबाईने सासूबाईंच्या मोबाईलमधलं वेगळं रेकॉर्डिंग काढलं. त्यात नर्सचं भाषण पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत होतं, कुठेही न तुटता. तिने ते जसंच्या तसं इंटरनेटवर टाकलं. बहिणीला फोन केला नाही. नर्सने ते वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सच्या मोबाईलवर पाहिलं आणि संध्याकाळी दुकानात येऊन म्हणाली, "केस किती विस्कटलेत माझे." भिंतीपलीकडे दोघी हसल्या. मग लगेच कशावरून तरी भांडल्या.

वॉर्ड चालू राहिला, पण पूर्वीसारखा नाही. दहा खाटांच्या सहा झाल्या, डॉक्टर आठवड्यातून तीनच दिवस येतात. रुग्णालयाचं काम वायरबाईच्या हातून गेलं आणि अध्यक्षांच्या ओळखीतली आणखी दोन कामंही गेली.

महिन्याने विशेष सभेचं इतिवृत्त आलं. नर्सने ते माझ्या काउंटरवर ठेवलं. "ठराव पुढील विचारासाठी पुढे ढकलण्यात आला."

वायरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दुकानाचं शटर ओढलं, बहिणीचा हात धरला, आणि माझ्याही दुकानाचं शटर ओढायला लावलं. आम्ही तिघं रुग्णालयाच्या कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी चिटणीस जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी बैठकीत होते. तिसऱ्या दिवशी ती सकाळी नऊलाच त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन बसली.

"अहो बाई, अर्थ तोच होतो," चिटणीस म्हणाले.

"अर्थ तोच असेल तर शब्द बदलायला काय जातंय?"

"छापून झालंय."

"हाताने लिहा."

"रेकॉर्डिंग आहेच की तुमच्याकडे."

"मागच्या वेळीही होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "लिहा. ठराव फेटाळला. बाजूने बावन्न, विरोधात एकाहत्तर."

चिटणीसांनी पेन उघडलं. ते लिहीत असताना वायरबाई वाकून एकेक अक्षर बघत होती. 'फेटाळला'मधला शेवटचा काना त्यांनी जरा अर्धवट काढला, तर तिने बोट ठेवून तो पुरा करून घेतला. मग म्हणाली, "आता शेजारी सही करा. तारीख घाला."