बाईंची जाळरेषा

त्या दुपारचा करपट वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

बजाजनगरच्या पुढे एका विधवा बाईंचे खासगी माळरान होते. गवतात घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी त्यांनी ते स्वतःहून सरकारकडून संरक्षित करून घेतले होते. मालकी बाईंचीच, पण प्लॉट पाडायला कायद्याने बंदी. एके दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, "बाईनं स्वतःच माळ पेटवलाय. पक्षी गेले की जमीन विकायला मोकळी." आम्ही आग विझवून पाहिले, तर अर्धा माळ काळा झालेला.

बाईंना ठाण्यात आणले. माळाच्या मधून गेलेला एक जुना जळका पट्टा माझ्या नजरेत भरला होता.

"तो पट्टा कोणी जाळला?"

"मीच. दरसाल जाळते."

कबुली मिळाली म्हणून मी मनातून खूश! अटकेचे कागद मागवले.

"साहेब, जाळरेषा हाय ती, वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेला पट्टा. वनखात्याच्या आराखड्यात लिव्हलंय. आग तिथंच थांबली, म्हणून अर्धं गवत वाचलं. मला समदं जाळायचं असतं, तर ती कशाला काढली असती?"

खरे सांगतो, लाज वाटली. कागद बाजूला ठेवले.

आमचे जमादार वेळेच्या बाबतीत भलतेच काटेकोर. फोन वाजला की आधी घड्याळ बघणार, मग पेन उचलणार. स्टेशन डायरीत त्या निनावी फोनची नोंद होती दोन चाळीसची. आणि वनरक्षकाने जबाबात सांगितले, "मी तीनपर्यंत माळावरच होतो. धूर नव्हता."

म्हणजे फोन आधी आणि आग नंतर!

नंबर निघाला बाईंच्या माळावर डोळा ठेवून असलेल्या औरंगपुऱ्यातल्या एका प्लॉटिंगवाल्याचा. गडी आधी कायदा शिकवू लागला. मी डायरी पुढे सरकवली. "लागायच्या आधीच आग दिसली कशी तुम्हाला?"

तो सगळे आपल्या माणसावर ढकलू लागला. "माणूस अडीचला पेटवणार होता, साहेब. वनरक्षक हलंनाच, तर ते येडं झुडपाआड बसून राहिलं. मला काय माहीत!"

जमादारांना हसू आवरेना. मला मात्र त्यांचा फार अभिमान वाटला. दोघांवर दोषारोपपत्र गेले आणि माळ संरक्षितच राहिला.

नोकरीत अटका पुष्कळ केल्या, पण त्या दिवशी न केलेली अटक मी जास्त मिरवतो. सरळ माणूस अंगाशी येणारी गोष्टही लपवत नाही. ते ऐकून घ्यायला पोलिसाला धीर लागतो, एवढे मी त्या खोलीत शिकलो.

पुढच्या हिवाळ्यात जाळरेषा काढायच्या दिवशी बाईंनी मुद्दाम बोलावले. वनरक्षक पाणी घेऊन तयार होता. बाईंनी काडीपेटी माझ्या हातात दिली.

"तुमीच लावा, साहेब. बघू आता कोण तक्रार करतंय."

मी वर्दीतच काडी ओढली.