राखून ठेवलेला फेरा

ब्राझीलकाका रोज संध्याकाळी मेंडोलिनवर एकच धून वाजवत आणि ती कधीच पुरी करत नसत. उत्तरेकडच्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आमची क्वार्टर्स समोरासमोर. मी पोळ्या लाटत ऐकायची. ऐन रंगात वाजवणं थांबलं की माझं लाटणंही थांबायचं.

मालगाड्यांचं काही शिकायला सरकारने त्यांना सहा महिने ब्राझीलला धाडलं होतं. तिथल्या घरमालकाने भरून दिलेली कॅसेट घेऊन ते परतले आणि कॉलनीने त्यांचं बारसं केलं. त्या संगीताचं नाव शोरो. "शोरो म्हणजे रडणं, वहिनी," ते सांगत. "पण रडायचं ते पळता पळता. पाय नाचले पाहिजेत आणि घसाही दाटला पाहिजे." पहिली चाल, मग दुसरी, परत पहिली, मग तिसरी, आणि शेवटी पुन्हा पहिली. कितीही भटकली तरी धून घरी येते. पूर्वी तो शेवटचा फेरा काका आणि त्यांचा मुलगा सुधीर मिळून वाजवत, सुधीर डफलीवर. दोघांत नुसती शर्यत लागे. काकू म्हणत, "सरकारी छप्पर आहे, जरा जपून."

सुधीर इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा काका बोलून गेले, "डफलीच वाजवायची असेल तर या घरात नको." दुसऱ्या दिवशी डफली घरातच ठेवून तो निघून गेला. महिन्याभराने एक पोस्टकार्ड आलं. बरा आहे, शोधू नका. पत्ता नव्हता.

तेव्हापासून काकांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पोस्टमन वळणावर दिसला की हे फाटकात. "भैया, कुछ है?" "आज तो नहीं है, साहब." फाटकाला कडी म्हणून घालू देत नसत. गाई शिरून काकूंची मेथी फस्त करत, तरी नाही. फाटक जरा करकरलं की हातातला चहा हिंदकळायचा.

मी एकदा धीर करून विचारलं, "शेवटचा फेरा का सोडता?"

"तो दोघांचा आहे. मी एकट्याने वाजवला तर तो यायचा नाही, असं वाटतं. इंजिनियर माणूस मी, पण वाटतं खरं."

मग रिटायरमेंट आली आणि काका पार खचले. क्वार्टर सोडायचं म्हणजे सुधीरला ठाऊक असलेलं एकमेव घर सोडायचं. पुण्यातली भाड्याची जागा त्याला कशी कळणार? मुदत वाढवून घेतली, तीही संपली. सामानाचा ट्रक निघताना त्यांनी पुण्याचा पत्ता आणि ती कॅसेट माझ्या हातात दिली. "तो आला तर काही विचारू नका, वहिनी. आधी जेवायला घाला, मग हे लावा."

तीन वर्षं आमच्याही फाटकाला कडी नव्हती. मग आमची बदली झाली. शेजारच्या मिश्राबाईंना मी पत्ता दिला, सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "हाँ भाभी, लड़का आए तो पहले खाना, फिर गाना. याद रहेगा."

कॅसेट त्यांना देण्याआधी एकदा ऐकावी म्हणून लावली. तिसरी चाल संपत आली. धून आता घरी वळणार, तेवढ्यात माझा हात बटणावर गेला आणि मी टेप बंद केला.